खापऱ्यांवरून इंग्रजी अमदानी कशी वाचतात? पुरातत्त्व प्रयोगशाळा पाहायला जाण्याआधी

विदर्भात पुष्कळ गावांच्या शिवारात एखादी रीठ असते. कधीकाळी तिथे वस्ती होती, आता वावर आहे. नांगर फिरला की पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, राखाडी माती वर येते आणि तिच्यासोबत खापऱ्या, बांगड्यांचे तुकडे, कवेलूच्या (कौलांच्या) ठिकऱ्या, क्वचित निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बशीचा एखादा कोपरा. हा कोपरा लोक धुऱ्यावर फेकून देतात, कारण तो 'जुना' वाटत नाही. पुरातत्त्व म्हटलं की आठवतात माहुरझरीची शिळावर्तुळं (दगडांनी वेढलेली प्राचीन दफनं), पवनीचा स्तूप, मनसरच्या विटा. पण इंग्रजी अमदानीही आता मातीखाली गेली आहे, आणि तिचा अभ्यास करण्याच्या पद्धती सातवाहन किंवा वाकाटकांच्या अभ्यासाहून बऱ्याच वेगळ्या आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाची प्रयोगशाळा पाहायला जाणार असाल, तर तिथल्या टेबलांवर काय चाललेलं असतं आणि का, हे आधी माहीत असलेलं बरं.

काळाची चौकट लक्षात ठेवा. गाविलगडचा किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये त्यांच्या हाती आला, नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. या काळाची कागदपत्रं भरपूर आहेत: बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या) मिसली म्हणजे फायली, वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-रिवाजांची नोंद), निस्तार पत्रकं (गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदी), गॅझेटिअरं. मग मातीत हात कशाला घालायचा? कारण हा कागद मुख्यतः साऱ्यासाठी आणि कारभारासाठी लिहिला गेला. किती एकर कापूस, किती रुपये सारा, कोण मालगुजार (सारा भरणारा गावाचा मालक), हे त्यात सापडतं. डाकबंगल्याच्या मागच्या खोलीत खानसाम्याचं कुटुंब कशात जेवत होतं, जिनिंगमध्ये सरकी वेचणारी बाई कुठल्या बांगड्या घालत होती, हे कोणत्याही मिसलीत नाही. ते उकिरड्यात आहे. उकिरडा मात्र सगळ्यांनीच केला, लिहिता येणाऱ्यांनी आणि न येणाऱ्यांनीही.

कार्बनची तारीख इथे का चालत नाही

प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'कार्बन टेस्ट केली का?' या काळासाठी ती जवळपास निरुपयोगी आहे. हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण साधारण १६५० ते १९५० या काळात असं वरखाली होत राहिलं की एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळ्या तारखा लागू पडतात. त्यात कारखान्यांच्या दगडी कोळशाच्या धुराने जुना, मृत (किरणोत्सार संपलेला) कार्बन हवेत मिसळला. म्हणून १८६० चं जळकं लाकूड परीक्षेत १६८० चंही निघू शकतं आणि १९३० चंही.

त्यामुळे या काळाचा थर ठरतो त्यातल्या वस्तूंवरून, आणि त्याचा नियम एकच आहे: थरातली सगळ्यांत नवी वस्तू थराची तारीख ठरवते, सगळ्यांत जुनी नव्हे. समजा, एका खड्ड्यात भोसलेकालीन तांब्याचा पैसा आहे, कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा आहे आणि सोड्याच्या बाटलीचं दातेरी पत्र्याचं बूच आहे. हे बूच १८९२ साली निघालं. म्हणजे खड्डा १८९२ नंतरच भरला, नाणी काहीही म्हणोत. नाणी पिढ्यानपिढ्या हातात फिरतात, कनवटीला राहतात, गाडग्यात पुरली जातात. शिवाय नाण्यावरचं सालही दरवेळी टाकसाळीतलं साल नसतं. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे कित्येक वर्षं तसंच पाडलं जात होतं. १८७७ पासून मात्र 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' हा शब्द आला, आणि तो फरक झिजलेल्या नाण्यावरही बहुधा ओळखता येतो. मधे भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ चा. तो सापडला की थर इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या टोकाचा किंवा त्यानंतरचा.

काळी माती थर ढवळते

हा भाग विदर्भासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आपली काळी कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. चैत्र-वैशाखात तिला पडणाऱ्या भेगा काही ठिकाणी मीटरभर किंवा त्याहूनही खोल जातात. वरचा मणी, नाणं, काचेचा तुकडा भेगेत सरकतो, पावसात भेग मिटते, आणि वस्तू मूळ थराच्या हात-दीड हात खाली जाऊन बसते. खालची वस्तूही माती फुगताना हळूहळू वर ढकलली जाते. असं वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे काळ्या मातीच्या खड्ड्यात शिळावर्तुळाच्या काळातल्या खापरीशेजारी व्हिक्टोरियाचा पैसा निघाला तर तो चमत्कार नाही आणि लबाडीही नाही.

म्हणूनच चांगल्या नोंदीत वस्तूची खोली तर असतेच, पण ती भेगेतल्या सैल मातीतून आली की घट्ट मातीतून, हेही लिहिलेलं असतं. एकट्या-दुकट्या वस्तूवर थराची तारीख ठरवत नाहीत, त्याच काळाच्या चार-पाच वस्तू एकत्र हव्यात. पांढरीच्या राखट मातीत, मुरमावर किंवा पक्क्या फरशीखाली हा त्रास बराच कमी असतो. फरशीखाली सापडलेली एक वस्तू काळ्या मातीतल्या दहा वस्तूंपेक्षा जास्त भरवशाची.

धुणं, वाळवणं, नंबर घालणं

खोदकामाच्या एका दिवसामागे प्रयोगशाळेत कित्येक दिवस जातात, आणि त्यातले बरेचसे पाणी, ब्रश आणि सावलीत. पिशवी आली की आधी चिठ्ठी पाहतात: स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. चिठ्ठ्या दोन लागतात, एक पिशवीवर आणि एक आत, छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. लिहायचं पेन्सिलने किंवा काळ्या ड्रॉइंग शाईने. बॉलपेनची अक्षरं ओलाव्याने पसरतात आणि काही वर्षांत फिकी पडतात. चिठ्ठी गेली की वस्तू कितीही देखणी असली तरी अभ्यासाच्या कामाची राहत नाही, कारण ती कुठून आली हे नंतर कोणालाही शोधून काढता येत नाही.

धुताना एका वेळी एकच पिशवी उघडतात. दोन घमेली, मऊ दात-ब्रश आणि पाणी ओतायच्या जागी बारीक चाळणी. ही चाळणी नसेल तर मोहरीएवढे काचमणी पाण्यासोबत मोरीत जातात, आणि गावातल्या बायकांच्या दागिन्यांचा पुरावा नेमका तेवढाच असतो. पिशवी संपली की पाणी बदलायचं. कच्च्या भाजणीची खापरी भिजत ठेवायची नाही, ती घमेल्यातच विरघळू लागते. स्वयंपाकाच्या मडक्याच्या आतली करपलेली काजळी घासायची नाही, कारण आत काय शिजलं होतं याचा पुरावा त्या थरात असतो. धातू, कोळसा, रंगवलेला गिलावा, कच्ची माती आणि पापुद्रे सुटणारी काच यांना पाणी लावायचंच नाही.

आपल्याकडच्या खापऱ्यांवर पुष्कळदा चुनखडीची पांढरी साल चढलेली असते. ती ब्रशने निघत नाही, आणि मग कोणीतरी ॲसिड सुचवतो. सौम्य ॲसिड वापरतात, पण तुकडा आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून, म्हणजे ॲसिड आत शोषलं जात नाही, आणि नंतर पाणी बदलत बराच वेळ धुवून. ही घाई केलेली खापरी काही महिन्यांनी पेटीत भुसभुशीत झालेली दिसते.

वाळवणं सावलीत, जाळीवर. उन्हाळ्यात दिवसभरात वाळतं, श्रावणात चार-चार दिवस लागतात. ओलसर माल पिशवीत भरला की बुरशी आधी चिठ्ठी खाते. नंबर घालताना तुकड्याच्या आतल्या बाजूला, काठ आणि नक्षी सोडून, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ पट्टा देतात, तो वाळल्यावर त्यावर बारीक निबने आकडा आणि वर पुन्हा एक हात. हा लेप उद्या ॲसिटोनने काढता येतो. नेलपॉलिश वापरलं तर ते पिवळं पडतं आणि पापुद्र्यासारखं आकड्यासकट सुटून येतं.

टेबलावरच्या वस्तू काय सांगतात

चिनी मातीच्या बशा-पेले या काळाच्या कामाचा कणा आहेत. मागच्या बाजूचा शिक्का पाहा. इंग्रजी कारखान्यांचं पत्त्यातल्या चौकटसारखं नोंदणीचिन्ह १८४२ ते १८८३ या काळातलं. 'इंग्लंड' असं देशाचं नाव १८९१ पासून दिसू लागतं, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने ते सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' हे बहुतांशी विसाव्या शतकातलं. मात्र देशाचं नाव नाही म्हणून बशी १८९१ आधीची, असं म्हणता येत नाही. हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला तो अमेरिकी कायदा लागू नव्हता. शिक्के सगळे इंग्रजीच असतील असंही नाही, हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या कारखान्यांची भांडीही भारतात मोठ्या प्रमाणात आली.

शिक्क्याहून मोलाची गोष्ट म्हणजे झीज. तिरक्या उजेडात बशी धरली की चकाकीवर (वरच्या काचेसारख्या लेपावर) बारीक ओरखडे दिसतात. ते सुरी-काट्याचे. हाताने जेवणाऱ्या घरातल्या बशीवर ते नसतात. बुडाची कडा गुळगुळीत झिजली असेल तर बशी रोज ठेवली-उचलली गेली. ओरखडेही नाहीत आणि बुडही कोरं, तर ती बहुधा कोनाड्यात किंवा भिंतीवर शोभेला होती. मालगुजाराच्या वाड्यातला आणि डाकबंगल्यातला एकाच कारखान्याचा माल इथे वेगळा होतो. बशी तीच, जगणं वेगळं, आणि हे वेगळेपण भिंगाखाली दिसतं.

मोजताना होणारी मोठी चूक म्हणजे तुकडे मोजून भांडी मोजल्याचं समजणं. एक बशी चाळीस तुकड्यांत फुटू शकते. म्हणून संख्या आणि वजन दोन्ही लिहितात, आणि काठाचा तुकडा एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर ठेवून मूळ तोंडाचा व्यास आणि घेराचा किती टक्के भाग हातात आहे ते काढतात. ५ टक्क्यांहून छोट्या काठावरून काढलेला व्यास फसवा असतो.

काचेची बाटली उभी धरून साच्याचा सांधा बोटाने तपासा. सांधा मानेशीच थांबत असेल तर तोंड हाताने घडवलं आहे. तो थेट ओठावरून गेला असेल तर बाटली स्वयंचलित यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातली. गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट १८७२ चं. तिची मान दाबलेली असते, आणि आतली गोटी काढण्यासाठी मुलांनी ती फोडलेली असल्याने काच एका जागी आणि गोटी दुसरीकडेच सापडते. फिकट जांभळी दिसणारी काच मुळात पांढरी असते. तिच्यात मँगेनीज घातलेलं असलं की वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती जांभळी होते, आणि वावरात उघड्यावर पडलेल्या तुकड्यांवर हा रंग चांगला चढतो. बांगड्यांचा रंग, जाडी आणि छेद लिहितात. त्या काळात ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या काचबांगड्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचत होत्या, तेव्हा बांगडी दिसली की ती गावातल्याच कासाराच्या भट्टीची धरून चालायचं नाही.

कवेलू दोन तऱ्हेचे. कुंभार चाकावर नळा करून तो उभा चिरतो, त्या अर्धगोल कवेलूच्या आत चाकाच्या रेघा आणि कडेला चिरल्याची खूण असते. चपटा, खाचांचा मंगलोरी कवेलू साच्यातला. बासेल मिशनने मंगलोरला त्याचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि पाठीवर बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. असा कवेलू सापडला की त्याच्यामागे रेल्वेचा माल आणि बंडीने (बैलगाडीने) केलेली वाहतूक दोन्ही शोधावी लागतात.

खिळ्यांवर फार वेळ घालवू नये. चारही बाजूंनी निमुळता खिळा हातघडीचा, दोनच बाजूंनी निमुळता यंत्रात कापलेला, गोल तो तारेचा आणि उशिराचा. पण गावचा लोहार विसाव्या शतकातही हातघडीचे खिळे करत होता, त्यामुळे एकट्या खिळ्यावर तारीख बांधता येत नाही.

छावणीच्या किंवा किल्ल्याच्या परिसरातून शिशाच्या गोळ्या येतात. गोल गोळी जुन्या मस्केट बंदुकीची, साधारण १७ मिलिमीटरची. लांबट, बुडाशी पोकळ गोळी १८५३ च्या एनफील्ड रायफलची असू शकते. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते, हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. गाविलगडासारख्या ठिकाणी लोखंडी गोळा दिसला तर तो हलवू नका. भरीव गोळा निरुपद्रवी असतो, पण पोकळ गोळ्यात बंदुकीची दारू असू शकते.

हाडांवर करवतीच्या समांतर बारीक रेघा असतील तर मांस युरोपीय पद्धतीने कापलेलं, सत्तूरचा घाव असेल तर तिरकस, तुटक कड दिसते. शेळी आणि मेंढीची हाडं बहुतेक वेळा वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून नोंदीत 'शेळी/मेंढी' असंच लिहिलेलं असतं.

बियांसाठी दहा लिटर माती बादलीत भिजवून ढवळतात. जळलेलं हलकं धान्य तरंगतं, ते पाव मिलिमीटरच्या जाळीवर ओतून घेतात. काळ्या मातीची ढेकळं सहज सुटत नाहीत, तेव्हा मूठभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावी लागतात. न जळलेलं बी जवळपास नेहमी आजचं असतं, उंदराने किंवा भेगेने आत नेलेलं. ज्वारी, तूर, लाखोळी चांगली टिकते. सरकी मात्र तेलामुळे आगीत फुटते आणि क्वचितच ओळखू येते. म्हणून रिठीत सरकी नाही, तर तिथे कापूस पिकत नव्हता असा निष्कर्ष काढायचा नाही. कापडाचा धागा मातीत कुजतो, पण तांब्याच्या वस्तूला चिकटून असेल तर तांब्याच्या क्षारांमुळे टिकतो. नाण्यावरचा हिरवा थर भिंगाखाली न पाहता खरवडला की कापडाचा तो एकुलता एक पुरावाही जातो.

धातू आणि विदर्भाची हवा

मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लोखंड ठीक दिसतं. जुलैत त्याच पेटीत त्यावर तपकिरी थेंब येतात आणि पापुद्रे सुटतात. मातीतले क्लोराइड क्षार गंजाच्या आत अडकलेले असतात, ओलावा मिळाला की ते पुन्हा काम सुरू करतात. तांब्या-कांशावर हेच फिकट हिरव्या भुकटीच्या ठिपक्यांनी दिसतं. उपाय म्हणजे हवाबंद डबा आणि सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). रंग बदलला की जेल १०० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरतात. लोखंडाला अतिशय कोरडी हवा लागते, तांब्याला ३५ टक्क्यांच्या खालची आर्द्रता पुरते. गंजाचा गोळा फोडण्याआधी एक्स-रे काढतात, कारण मूळ लोखंड पूर्ण संपून आत नुसता वस्तूचा आकार उरलेला असू शकतो.

हातात धरायचं एक्स-रे यंत्र काच किंवा चकाकीतलं शिसं, मँगेनीज वगैरे मिनिटभरात दाखवतं. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. आपली माती बेसाल्टची, लोह आणि टायटॅनियमने भरलेली. नीट न धुतलेल्या तुकड्यावर यंत्र मातीचंच माप देतं.

जाण्यापूर्वी

विभागप्रमुखांना शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पत्राने आधी कळवा, आणि गट पंधरा-वीस जणांहून मोठा नेऊ नका. टेबलं छोटी असतात, मागच्यांना काही दिसत नाही. तयार काचपेटी पाहण्यापेक्षा एका पिशवीचा प्रवास दाखवायला सांगा: धुण्यापासून नोंदवहीपर्यंत. एकाच डाकबंगल्याच्या पुढच्या आणि मागच्या उकिरड्याचा माल असेल तर तो शेजारी-शेजारी मांडून दाखवायची विनंती करा. मागच्या ढिगात तडकून तारेने सांधलेला पेला आणि चिलमीचे तुकडे, पुढच्यात दारूच्या बाटल्या आणि सुरीचे ओरखडे असलेल्या बशा, अशा तुलनेतून मुलांना तासाभराच्या भाषणाहून जास्त कळतं.

वावरात सापडलेली वस्तू सोबत नेऊ नका. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, म्हणजे १९१० चा पैसाही त्यात येतो. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. वस्तू दिसली तर जागच्या जागी, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली, माती काळी की पांढरी आणि नांगराने वर आली की विहीर खणताना निघाली, एवढं लिहून ठेवा. चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. फोटो आणि नोंद तहसीलदारांकडे द्या, आणि त्याचीच एक प्रत प्रयोगशाळेला. बहुतेक वेळा एवढ्या नोंदीवरून तिथली माणसं सांगू शकतात की येऊन पाहण्याची गरज आहे का, आणि असेल तर पेरणीआधी की कापणीनंतर.